अभिमानाला निगेची जोड हवी

गेल्या दिवाळीत फराळाच्या वेळी आमच्या मामांनी मला सर्वांसमक्ष विचारले, "काय रे, तू संगणकातला ना? मग सांग. संस्कृत ही संगणकासाठी जगातली सर्वोत्तम भाषा आहे असे नासाने जाहीर केले, तरी तुम्ही मंडळी अजून इंग्रजीतच का आज्ञावल्या लिहीत बसता?"

मी म्हटले, "मामा, नासाने असे काही जाहीर केलेले नाही." घरात क्षणभर शांतता पसरली. माझ्या उत्तराने कोणाला आनंद झाला नाही हे दिसतच होते. पंचवीस वर्षे आज्ञावल्या लिहून पोट भरणारा आपल्या घरचा मुलगा असे बोलतो, म्हणजे त्यालाही इंग्रजी शिक्षणाची बाधा झाली असणार, असा भाव एक-दोन चेहऱ्यांवर होता. त्या दिवशी जे पुरते सांगता आले नाही, ते येथे मांडतो.

मूळ गोष्ट अशी आहे. नासाच्या एम्स संशोधन केंद्राशी संबंधित असलेल्या रिक ब्रिग्ज या संशोधकाने १९८५ साली 'एआय मॅगझीन' या नियतकालिकात एक लेख लिहिला. वाक्याचा अर्थ संदिग्धता न ठेवता उलगडून सांगण्याची जी पद्धत आपल्या शास्त्रकारांनी, विशेषतः वैयाकरण आणि नैयायिकांनी, विकसित केली होती, तिचे आणि त्या काळी संगणकशास्त्रात ज्ञानाच्या मांडणीसाठी जे आराखडे वापरले जात त्यांचे आश्चर्यकारक साम्य आहे, असे त्यात दाखवले होते. एका संशोधकाचा हा लेख होता, नासाचा ठराव नव्हता. आणि संस्कृतमध्ये आज्ञावल्या लिहाव्यात असेही त्यात म्हटलेले नव्हते. लेख मौलिक आहे. परंतु तो न वाचताच त्याची कीर्ती घरोघरी पोहोचली.

याहून भक्कम अभिमानाची जागा दुसरीकडे आहे. संगणकीय भाषांचे व्याकरण नेमकेपणाने लिहिण्यासाठी जॉन बॅकस यांनी १९५९ च्या सुमारास एक लेखनपद्धती मांडली. १९६७ साली पीटर इंगरमन यांनी संगणकशास्त्राच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकाला पत्र लिहून सुचवले की, अशाच प्रकारची पद्धती पाणिनीने कितीतरी आधी वापरली असल्याने तिला 'पाणिनी-बॅकस' असे नाव द्यावे. सुमारे चार हजार सूत्रांत एका भाषेची संपूर्ण घडण बसवणारा तो ऋषी आम्हा आज्ञावली लिहिणाऱ्यांचा खरोखरच पूर्वज आहे.

पण माझा प्रश्न पुढचा आहे. पाणिनीची ही पद्धत संगणकावर प्रत्यक्ष उतरवण्याचे काम कोणी केले? कानपूरच्या आयआयटीत 'अक्षर भारती' या नावाने काम करणाऱ्या गटाने भारतीय भाषांच्या यांत्रिक विश्लेषणासाठी पाणिनीय चौकट वापरली आणि १९९५ साली त्यावर ग्रंथ सिद्ध केला. हैदराबाद विद्यापीठात अंबा कुलकर्णी यांनी आणि फ्रान्समध्ये जेरार्ड ह्युए यांनी संस्कृत वाक्यांचा संधिविच्छेद आणि पदविश्लेषण करणाऱ्या आज्ञावल्या वर्षानुवर्षे खपून उभ्या केल्या. नासाचा तो संदेश पुढे पाठवणाऱ्या किती जणांनी ही नावे ऐकली आहेत? 'युनेस्कोने आपले राष्ट्रगीत जगात सर्वोत्तम ठरवले' हा संदेशही असाच खोटा असल्याचे पुन्हा पुन्हा स्पष्ट होऊनही दर वर्षी उगवतो. राष्ट्रगीत आपले आहे म्हणून आपल्याला प्रिय आहे; त्याला परक्याच्या प्रशस्तिपत्राची गरज का भासावी? आणि ते प्रशस्तिपत्र बनावट असल्याचे आपल्याच मुलाला शाळेत मित्राकडून कळले, तर त्याच्या मनात खऱ्या गोष्टींविषयीही शंका उभी राहणार नाही का?

महाजालाने आपल्याला अभिमान पुढे ढकलण्याची सोय दिली. बोटाच्या एका स्पर्शाने तो शंभर जणांकडे जातो आणि आपण काही कार्य केले असे समाधान मिळते. काम मात्र जिथे होते, तिथे आपण फारसे नसतो. ही माझी खरी तक्रार आहे, आणि ती करताना मी स्वतःलाही वगळत नाही.

विहिरीचा गाळ कोण काढतो?

गावातील बारव दिसते सर्वांना. पण उन्हाळ्यात तिचा गाळ कोणी तरी उपसतो म्हणून तिचे पाणी पिण्याजोगे राहते. महाजालाचेही तसेच आहे. सकाळी उठून आपण व्हॉट्सॲप उघडतो. त्यातील संदेश आपल्या भ्रमणध्वनीत 'एसक्यूलाइट' नावाच्या आज्ञावलीच्या साहाय्याने साठवलेले असतात. २००० साली रिचर्ड हिप यांनी ती लिहायला घेतली. आज जगातील जवळजवळ प्रत्येक स्मार्टफोनमध्ये ती आहे, आणि तिची देखभाल मोजकी माणसे करतात. ती कोणीही, कशासाठीही, विनामूल्य वापरावी म्हणून त्यांनी तिच्यावरील हक्क सोडून दिला. परवान्याच्या जागी त्यांनी एक छोटे आशीर्वचन लिहिले आहे. भले करा, क्षमा करा आणि जेवढे द्याल त्याहून अधिक घेऊ नका, असा त्याचा आशय आहे. २०५० सालापर्यंत ती सांभाळण्याचा त्यांचा संकल्प आहे. आपल्याकडे एखाद्या संस्थेचा असा पन्नास वर्षांचा संकल्प असेल, तर आपण तिचे केवढे कौतुक करू!

भ्रमणध्वनीत घड्याळ बरोबर लागते, परदेशातील मुलाला दूरध्वनी कधी करावा हे कळते, त्यामागेही असाच एक संच आहे. जगातील प्रत्येक प्रदेशाची प्रमाणवेळ कधी, कशी बदलली याची ही नोंदवही १९८० च्या दशकात आर्थर ऑल्सन यांनी सुरू केली आणि पुढे पॉल एगर्ट यांनी सांभाळली. त्यात आपली वेळ 'एशिया/कोलकाता' या नावाने आहे. जुने 'कलकत्ता' हे नावही त्यात जपून ठेवले आहे, कारण ते काढले तर कुठे तरी एखादी जुनी आज्ञावली बंद पडेल. याला निगा म्हणतात. यात प्रसिद्धी नाही, सत्कार नाही, हारतुरे नाहीत.

अशा एकट्या राखणदाराला कोणी साथ दिली नाही तर काय होते, ते मार्च २०२४ मध्ये दिसले. 'एक्सझेड' ही माहितीचे आकारमान कमी करणारी एक साधी आज्ञावली फिनलंडमधील लासे कॉलिन हे गृहस्थ फावल्या वेळात, विनावेतन सांभाळत होते. त्यांच्याकडे 'जिआ तान' असे नाव सांगणारा एक स्वयंसेवक आला. त्याने दोन वर्षांहून अधिक काळ निमूटपणे उपयुक्त काम केले. त्याच सुमारास काही अनोळखी नावांनी कॉलिन यांच्यावर दबाव आणला: काम फार सावकाश चालले आहे, दुसऱ्याच्या हाती द्या. थकलेल्या माणसाने विश्वास टाकला. आणि २०२४ च्या प्रारंभी त्या 'स्वयंसेवका'ने आज्ञावलीत एक चोरदरवाजा बसवला. तो सर्वत्र पोहोचला असता तर जगभरातील असंख्य सर्व्हर परक्याच्या हाती गेले असते. वाचलो ते आंद्रेस फ्रॉइंड या एका अभियंत्यामुळे. आपल्या संगणकावर प्रवेश करताना नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतो हे त्यांना खटकले आणि ते त्याच्या मुळाशी गेले. अर्धा सेकंद! आपण किती जण त्यासाठी थांबलो असतो?

त्याआधी एप्रिल २०१४ मध्ये 'हार्टब्लीड' या नावाने गाजलेला दोष सापडला, तेव्हा असे उघड झाले होते की ज्या 'ओपनएसएसएल' वर जगातील बँकांचे व्यवहार विसंबून आहेत, तिच्या प्रतिष्ठानला वर्षाकाठी साधारण दोन हजार डॉलर देणगी मिळत असे. एवढ्यात आपल्याकडे एक मध्यम लग्नही होत नाही.

आपण तेथे कसे वागलो?

या अदृश्य जगात आपल्या देशाची ओळख कशी आहे, हे सांगताना संकोच वाटतो. पण घरच्या माणसांपुढे नाही बोलायचे तर कुठे? दर ऑक्टोबरात एक जागतिक उपक्रम चालतो. मुक्त आज्ञावल्यांना चार सुधारणा सुचवणाऱ्यास त्यात एक टी-शर्ट मिळत असे. २०२० साली राखणदारांच्या दारात निरर्थक 'सुधारणां'चा पूर आला. कुठे एखादा शब्द वाढवला, कुठे 'उत्तम प्रकल्प' एवढेच लिहिले. त्यातील मोठा वाटा आपल्या विद्यार्थ्यांचा होता. एका लोकप्रिय शिकवणीच्या चित्रफितीत तसे करून दाखवले होते. आयोजकांना त्याच महिन्यात नियम बदलावे लागले. २०२४ मध्ये पुन्हा तेच घडले. 'एक्स्प्रेस' या विख्यात प्रकल्पाच्या माहितीपत्रकात स्वतःचे नाव घुसवण्याच्या विनंत्या शेकड्यांनी आल्या. येथेही चित्रफीत आपल्याकडचीच होती.

ही मुले वाईट नाहीत. त्यांना घरातून, महाविद्यालयातून, नोकरी देणाऱ्यांकडून एकच गोष्ट कळली आहे: कागदावर काही तरी दिसले पाहिजे. प्रमाणपत्र किती, पदके किती, खात्यावर हिरवे ठिपके किती. 'तू काय सांभाळतोस?' हा प्रश्न मुलाखतीत कोणी विचारत नाही. घरीही कोणी विचारत नाही.

यावर आक्षेप येईल की, ज्याला आधी घर चालवायचे आहे त्याने फुकट काम का करावे? आक्षेप योग्य आहे. दहा तास कंपनीत आणि दोन तास रस्त्यावर घालवणाऱ्या तरुणाला मी त्यागाचा उपदेश करणार नाही. म्हणूनच येथे व्यक्तीबरोबर उद्योगांचेही उत्तरदायित्व आहे. जी आज्ञावली विनामूल्य घेऊन आपण कोट्यवधींचा व्यवसाय करतो, तिच्या राखणदाराला काही देणे लागतो की नाही? बंगळूरच्या झिरोधा या कंपनीने २०२४ मध्ये अशा प्रकल्पांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीने उद्योगांचा हिशेब सांभाळणारी 'ईआरपीनेक्स्ट' ही संपूर्ण प्रणाली मुक्त ठेवूनच आपला व्यवसाय उभा केला. अशी उदाहरणे आहेत. ती वाढली पाहिजेत.

दुसरा आक्षेप असा की, स्वयंसेवकांवर विसंबण्यापेक्षा मोठ्या कंपनीला पैसे मोजावेत, म्हणजे निर्धास्त राहता येते. त्याला उत्तर १९ जुलै २०२४ या दिवसाने दिले आहे. क्राउडस्ट्राइक या नामांकित सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अद्ययावतीने जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले आणि आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपत्र द्यावे लागले. पैसे मोजल्याने दोष टळत नाहीत. फरक एवढाच की, मुक्त आज्ञावली उघडून पाहता येते. बंद पेटी उघडता येत नाही.

स्वदेशी म्हणजे काय?

जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने रशियाविरोधी निर्बंध वाढवले. गुजरातमध्ये वाडीनार येथे तेलशुद्धीकरण करणाऱ्या नायरा एनर्जी या कंपनीत रशियन भागीदारी आहे, म्हणून मायक्रोसॉफ्टने तिची ई-मेल आदी सेवा खंडित केली. भारत सरकारने असे कोणतेही निर्बंध लावले नव्हते. कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. काही दिवसांत सेवा पूर्ववत झाली. पण भारतभूमीवरील एका मोठ्या उद्योगाचे दैनंदिन कामकाज परदेशातील निर्णयाने थांबू शकते, हे त्या दिवसांत सर्वांना उमगले.

अशी घटना घडली की 'स्वदेशी ॲप उतरवून घ्या' असे संदेश फिरू लागतात. जरूर घ्यावे. परंतु 'कू' हे देशी व्यासपीठ २०२० मध्ये आले, लाखो लोकांनी उत्साहाने घेतले आणि २०२४ मध्ये ते बंद पडले. उतरवून घेणे सोपे असते, टिकवणे कठीण. शिवाय देशी नावाच्या प्रत्येक प्रणालीच्या पायाशी तीच एसक्यूलाइट, तेच लिनक्स असते. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. ज्ञान कोणा एका देशाचे नसते. माझ्या मते तंत्रज्ञानातील स्वदेशी म्हणजे सर्व काही नव्याने आपणच बांधणे नव्हे; जे वापरतो ते उघडून पाहण्याची, दुरुस्त करण्याची आणि वेळ आली तर एकट्याने चालवण्याची क्षमता आपल्या हातांत असणे, ही खरी स्वदेशी. आणि ती क्षमता निगा राखणाऱ्यालाच येते. विहिरीत उतरून गाळ काढणाऱ्याला तिचे झरे ठाऊक असतात.

आपल्या भाषेची राखण

एक गोष्ट मात्र जगातील दुसरे कोणीही आपल्यासाठी करणार नाही. ती म्हणजे मराठीची राखण.

माझ्या वडिलांनी निवृत्तीनंतर आमच्या गावाचा इतिहास लिहिला. २००२ साली एका टंकलेखकाकडून तो संगणकावर उतरवून घेतला आणि तबकडीवर जपून ठेवला. त्यांच्या पश्चात मी ती धारिका उघडली, तर पडद्यावर रोमन अक्षरांची अर्थहीन माळ उमटली. कारण साधे होते. त्या काळच्या टंकांत इंग्रजी अक्षराच्या जागेवर देवनागरी आकार बसवलेला असे. तो विशिष्ट टंक संगणकावर असेल तरच मराठी दिसे. नसेल तर उरे ती फक्त रोमन माळ. वडिलांच्या टंकाची जात ओळखून, अक्षराला अक्षर जुळवणारी छोटी आज्ञावली लिहून, मग ओळ न् ओळ तपासून तो मजकूर परत मिळवायला मला तीन महिन्यांचे रविवार लागले. मला ते येत होते म्हणून झाले. महाराष्ट्रातील किती संस्थांच्या स्मरणिका, किती नियतकालिकांचे अंक, किती प्रबंध आजही अशाच कुलूपबंद धारिकांत पडून असतील?

युनिकोडने हा प्रश्न सोडवला. त्यात प्रत्येक अक्षराला जगभर मान्य असलेला स्वतःचा क्रमांक आहे. 'क' चा क्रमांक २३२५, मग टंक कोणताही असो. त्यातील देवनागरीची मांडणी आपल्याच देशात १९८८ साली ठरलेल्या 'इस्की' या मानकावर आधारलेली आहे. परंतु मराठीच्या बारीक गरजा त्यात आपोआप आल्या नाहीत. 'ॲ' हे अक्षर आपल्याला रोज लागते; त्याला स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ साली. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतील भेद मराठी माणसालाच कळतो. तो पडद्यावर नीट उमटावा यासाठी कोणाला तरी आग्रह धरावा लागला. मराठीतील 'ल' आणि 'श' यांच्या रूपांविषयी महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ रोजी निर्णय काढला. पण ती रूपे टंकांत काढायची कोणी? मुंबईच्या 'एक टाइप' या समूहाने 'मुक्त' सारखे सुंदर देवनागरी टंक सर्वांसाठी खुले केले. केरळात २००२ पासून 'स्वतंत्र मलयाळम कम्प्युटिंग' हा स्वयंसेवकांचा समूह आपल्या भाषेचे टंक आणि भाषिक साधने सातत्याने घडवत आहे. आपल्याकडे त्या तोडीची, वर्षानुवर्षे टिकणारी मराठी चळवळ असावी, असे मला मनापासून वाटते.

आता तर यंत्रेच मजकूर लिहू लागली आहेत. ती यंत्रे महाजालावर जे उपलब्ध आहे त्यावरून भाषा शिकतात. जे मराठी लेखन चित्राच्या रूपात फिरते, रोमन लिपीत लिहिले जाते किंवा जुन्या टंकात कुलूपबंद आहे, ते त्यांच्या दृष्टीने जवळजवळ नसल्यातच जमा. आपल्या नातवंडांना यंत्राकडून मोडकी मराठी ऐकावी लागली, तर तो दोष केवळ यंत्राचा नसेल.

काय करता येईल?

उपाय अवघड नाहीत. घरातील प्रत्येकाने देवनागरीतच टंकन करावे. इनस्क्रिप्ट कळफलक बहुतेक संगणकांत असतोच, आणि पंधरा दिवसांच्या सरावाने हात बसतो. सुविचाराचे चित्र पाठवण्याऐवजी मजकूर पाठवावा, म्हणजे तो शोधता येईल. प्रत्येक शाखेतील, मंडळातील, वाचनालयातील जुन्या धारिका युनिकोडमध्ये आणण्याचे काम दोन-तीन तरुणांनी अंगावर घ्यावे. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर आपल्या गावाविषयी, पण पुराव्यानिशी, लिहावे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने दहा ठिकाणी नाव न लावता एक छोटा प्रकल्प निवडून वर्षभर त्याची निगा राखावी. आणि कोणताही अभिमानास्पद संदेश पुढे पाठवण्याआधी एकच प्रश्न विचारावा: हे मूळ कोठे आहे?

कोकणात-देशावर शेतकरी एकमेकांच्या शेतात आळीपाळीने राबत, त्याला इर्जिक म्हणत. त्यात कोणी मालक नसे, कोणी मजूर नसे. पण आपली पाळी चुकवणाऱ्याकडे पुढच्या हंगामात कोणी जात नसे. मुक्त आज्ञावलीचे जग ही एक जागतिक इर्जिक आहे. आपण तेथे जेवायला नेहमी हजर असतो. आता औत घेऊन जाण्याची पाळी आपली आहे.

मामांना मी त्या दिवशी शेवटी म्हटले, "नासाचे जाऊ द्या, मामा. तुम्ही चाळीस वर्षे संस्कृत शिकवलेत. तुमची सुभाषितांची वही आहे ना, ती आपण दोघे मिळून संगणकावर घालू." मामा थोडे घुश्शातच होते. पण चहाचा कप खाली ठेवून ते उठले आणि आतून वही घेऊन आले. आतापर्यंत अडीचशे सुभाषिते झाली आहेत. अन्वय मामा सांगतात, टंकन माझी मुलगी करते. आणि कुठे अवग्रह चुकला, तर मामा तिला तो तीनदा काढायला लावतात.